दागिना म्हणजे भांडे नव्हे

नवरात्र तोंडावर आले किंवा घरात लग्न निघाले की कपाटातल्या डब्या बाहेर येतात आणि सल्ल्यांना ऊत येतो. चांदीला रांगोळी लावा, सोन्याला चिंच चोळा, पैंजणांना टूथपेस्ट, अंगठीला लिंबू-मीठ. या यादीकडे जरा तिऱ्हाइतासारखे पाहिले तर एक गंमत दिसते. यातला एकही उपाय मुळात दागिन्यांसाठी निघालेला नाही. चिंच आणि लिंबू-मीठ हे तांब्यापितळेच्या भांड्यांचे, रांगोळी देवघरातल्या ताम्हन-निरांजनाची आणि टूथपेस्ट तर दातांची. भांडे जाड असते, त्याला सांधे कमी, त्यात ना खडा ना मोती ना दोरा. वर्षानुवर्षे घासले तरी त्याचे फारसे बिघडत नाही आणि बिघडले तरी ते कोणी तोलून पाहत नाही. दागिना पातळ पत्र्याचा, बारीक सांध्यांचा, कधी आतून लाखेने भरलेला, कधी रेशमाच्या दोऱ्यात ओवलेला असतो, आणि तो गुंजेच्या हिशोबाने विकत घेतलेला असतो. म्हणून घरच्या वस्तूंनी दागिने साफ करू नका असे मुळीच म्हणायचे नाही. उलट ते घरीच करावेत, पण त्याआधी दोन गोष्टी ठरवाव्यात. दागिना कशाचा आहे, आणि त्याच्यावरून नेमके काय काढायचे आहे? अंगावरचा मळ धुवायचा असतो, चांदीचा काळेपणा रसायनाने परतवायचा असतो. घासण्याची पाळी या दोन्हींत येत नाही.

घासण्याला एवढा विरोध का, ते धातूंच्या मऊपणावरून कळेल. एखाद्या पदार्थावर ओरखडा किती सहज उठतो हे मोजायला खनिजशास्त्रात मोहस नावाची १ ते १० अशी मोजपट्टी वापरतात. हिरा १० वर, नखे अडीचच्या आसपास. सोने आणि चांदी दोन्ही अडीच ते तीनच्या घरात येतात, म्हणजे नखापेक्षा फार कठीण नाहीत. दातावरचे एनॅमल मात्र ५ वर आहे. टूथपेस्टमध्ये सिलिका किंवा चुनखडीची बारीक भुकटी असते, आणि एनॅमलवरची कीट निघावी पण एनॅमल शाबूत राहावे इतका तिचा करकरीतपणा बेतलेला असतो. ज्या भुकटीची मात्रा ५ च्या पृष्ठभागासाठी ठरवली, ती अडीचच्या पृष्ठभागावर चोळली तर काय होणार? लखलखाट येतो तो नवी धातू उघडी पडल्यामुळे. जुनी धातू टूथपेस्टच्या काळपट फेसाबरोबर मोरीत गेलेली असते. चांदी घासताना फेस काळा होतो आणि ‘बघा किती मळ निघाला’ असे आपण समाधानाने म्हणतो, पण त्या काळेपणातही चांदीच असते, गंधकाशी जोडली गेलेली. रांगोळी ही दगडाची भुकटी, राखेतही सिलिकाचे कण असतात. त्यांचे दाणे तर टूथपेस्टपेक्षा ओबडधोबड.

याला कोणी म्हणेल, पिढ्यान्‌पिढ्या रांगोळीनेच घासतोय, चांदी संपली थोडीच! संपली नसेल, पण झिजली आहे, आणि पुरावा बहुतेक घरांच्या देव्हाऱ्यात बसलेला आहे. कुलदैवताचे जुने टाक हातात घेऊन पाहावेत. खंडोबाचे नाक सपाट झालेले असते, घोड्याचे पाय पुसट, देवीचे हात नुसते उंचवटे होऊन राहिलेले. देवांना कोणी दागिन्यासारखे अंगावर वागवलेले नसते. ही झीज हाताळण्यापेक्षा घासण्याची अधिक आहे. म्हणून तर मंगलकार्याआधी टाक उजळून किंवा नवे करून घ्यायची पद्धत पडली. दुसरा पुरावा सराफकट्ट्यावरचा. सोनाराच्या दुकानातली केरधूळ, भट्टीतली राख विकत घेऊन ती धुऊन-गाळून तिच्यातून सोने काढणारे झारेकरी हा जुना धंदा आहे. घडवताना, कानशीने घासताना, पॉलिश करताना उडालेले कण त्या धुळीत असतात, आणि त्यांच्यावर एका वर्गाचा संसार चालत आला आहे. दागिना चकचकीत होतो तेव्हा त्याचे काहीतरी तिथे पडून राहते, हे झारेकऱ्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नसेल.

थोडा हिशोबही करून पाहू. चार बांगड्यांचा मिळून पृष्ठभाग १०० चौरस सेंटिमीटर धरला आणि घासण्यात फक्त एक मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा थर गेला, तर २२ कॅरटचे साधारण ०.१८ ग्रॅम सोने गेले. एका वेळच्या घासण्यात एवढे जाईलच असे नाही. पण दर सणाला हीच सेवा वीस वर्षे केली तर हिशोब ग्रॅमांत जाऊ शकतो. ‘एक ग्रॅम’ म्हणून मिळणाऱ्या मुलामा दिलेल्या दागिन्यांची गोष्ट तर आणखी निराळी. त्यांच्यावरचा सोन्याचा थर कित्येकदा एक मायक्रॉनही नसतो. म्हणजे खऱ्या सोन्याला जे घासणे महागात पडते, त्याने यांचा सगळा मुलामाच उडतो.

आता सोन्याकडे येऊ. शुद्ध सोने हवा, पाणी, घाम कशालाच दाद देत नाही. पण शुद्ध सोन्याचे दागिने आपण घालत नाही. २२ कॅरटमध्ये ९१.६ टक्के सोने आणि बाकी तांबे-चांदी असते, १८ कॅरटमध्ये सोने ७५ टक्के. हॉलमार्कच्या खुणेत ९१६ किंवा ७५० लिहिलेले असते ते याच अर्थाने. भिंगातून ती खूण वाचून घेणे ही साफसफाईची पहिली पायरी समजावी. निस्तेज दिसणाऱ्या २२ कॅरटच्या दागिन्यावर बव्हंशी गंज नसतोच. असते ते अंगाचे तेल, साबणाचा थर, पावडर, क्रीम, कणीक, हळदकुंकू आणि या सगळ्यात रुतलेली धूळ. मंगळसूत्राच्या वाट्या उलट्या करून पाहिल्या तर हा सगळा इतिहास एकाच ठिकाणी साठलेला सापडतो. हा मळ तेलकट आहे आणि तेलकट मळाला साबणच लागतो. बाकी कशाने तो जात नाही असे नाही, पण साबणाने तो धातूला न दुखावता जातो.

रीत साधी आहे. काचेच्या किंवा स्टीलच्या वाडग्यात, बाळाला आंघोळ घालता येईल इतके कोमट पाणी घ्यावे आणि त्यात भांडी घासायच्या साध्या लिक्विडचे चार-पाच थेंब किंवा लहान मुलांचा शाम्पू टाकावा. अंगाच्या साबणाची वडी टाळावी, कारण बोअरच्या जड पाण्यात तिचा पांढुरका साका बनतो आणि तोच नक्षीत जाऊन बसतो. दागिने एकमेकांवर आपटू नयेत म्हणून दोन-तीनच सोडावेत आणि दहा-पंधरा मिनिटे तसेच राहू द्यावेत. लोकांची चूक होते ती इथे. मळ फुगून सुटायला वेळ लागतो, आणि आपण दुसऱ्याच मिनिटाला ब्रश हातात घेतो. भिजल्यावर लहान मुलांच्या मऊ ब्रशने, पाण्याखालीच, जोर न लावता नक्षीच्या आणि कोंदणाच्या मागच्या बाजूने फिरवावे. दात घासून झिजलेला ब्रश नको, त्यात जुन्या टूथपेस्टचे कण असतात. मग स्वच्छ पाण्याच्या दोन वाडग्यांतून विसळून जुन्या सुती धोतराच्या किंवा मलमलीच्या तुकड्यावर टिपून घ्यावे. टॉवेलचे धागे काट्यांत अडकतात. आणि हे सगळे बेसिनच्या नळाखाली करू नये. परातीत वाडगा ठेवून करावे, आणि पाणी फेकताना चहाच्या गाळण्यातून ओतावे. सैल झालेला खडा, कुडीची फिरकी, साखळीची कडी गाळण्यात सापडते. बेसिनमध्ये गेलेली शोधायला प्लंबर बोलवावा लागतो.

इथे रिठ्याचा विषय निघणारच. आजी-पणजींनी रिठ्याच्या पाण्यात सोने धुतले आणि सोनारही तेच करत आले, ते काय चुकीचे होते? अजिबात नाही. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन असते, म्हणजे तो झाडावर पिकलेला साबणच. चार-पाच रिठे फोडून बिया काढाव्यात, साली रात्रभर भिजवाव्यात, पाणी गाळून घ्यावे. सोन्यासाठी हे लिक्विडइतकेच चांगले. फक्त रिठ्याचे पाणी किंचित आंबट असते, म्हणून ते मोत्यांना लावू नये. जुन्या रीतीत जे साबणाच्या कुळातले होते ते टिकवण्याजोगे आहे. जे आंबट किंवा खरखरीत होते ते भांड्यांकडे परत पाठवावे. चिंच-लिंबाने सोने उजळते हा अनुभव खोटा नाही. आम्ल पृष्ठभागावरच्या तांब्याचा ऑक्साइड विरघळवते आणि वरचा थर जरा अधिक पिवळा दिसतो. पण तेच आम्ल सांध्यांवरही काम करते, कारण सांध्यात हलक्या धातूंचे प्रमाण अधिक असते, आणि सोन्यात मोती-पोवळे असेल तर ते सरळ त्याच्यावर तुटून पडते. हळदीच्या पाण्यात सोने उकळण्याची रीत त्याहून मजेची. हळदीने सोने साफ होत नाही, ते नुसते पिवळे रंगते. दोन दिवस बरे दिसते आणि दोरा मात्र कायमचा रंगून बसतो.

मराठी दागिन्यांत एक अडचण अशी आहे की ती गरम पाण्याच्या सल्ल्यात कोणी सांगत नाही. कोल्हापुरी साज, बोरमाळ, पोहेहार अशा दागिन्यांत सोन्याचा पातळ पत्रा पोकळ मण्यांना देऊन आत लाख भरण्याची पद्धत आहे. थोड्या सोन्यात भरगच्च दागिना होतो आणि मणी चेमटत नाही, ही त्या कारागिरीची हुशारी. पण लाख गरम पाण्यात मऊ पडते, फुगते, भोकातून बाहेर येते, आणि मग पत्र्याला आतून आधार राहत नाही. ठुशीचे मणी लाखेचे नसले तरी दोऱ्यात घट्ट ओवलेले असतात आणि ओला दोरा मण्यांच्या मधला मळ शोषून घेतो. असे दागिने वाडग्यात बुडवू नयेत. साबणाच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने एकेक बाजू पुसावी, मग नुसत्या पाण्याच्या पिळलेल्या फडक्याने, आणि पंख्याखाली सावलीत सपाट ठेवून वाळवावे. दागिना लाखेचा आहे की नाही हे कळत नसेल तर तो लाखेचाच आहे असे धरून चालावे. हाच न्याय काळ्या पोतीला. काचेच्या काळ्या मण्यांना पाण्याची भीती नाही, दोऱ्याला आहे. सोन्याच्या तारेत गाठवलेले मंगळसूत्र निर्धास्त धुवावे, दोऱ्यातले पुसावे. अंगावर गेरूचा तांबूस हात दिलेले, मुद्दाम जुनाट दिसणारे दागिने धुतले तर तो रंग निघतो. तो मळ नव्हे, सोनाराने दिलेली छटा आहे, आणि तिचे पैसे आपण मोजलेले असतात.

हिऱ्याच्या कुड्या किंवा अंगठी सारखी मंद का पडते याचे उत्तर हिऱ्याच्या स्वभावात आहे. हिरा पाणी झटकतो आणि तेल धरून ठेवतो. या गुणावर खाणींत एक युक्तीच चालत असे. चरबी फासलेल्या उतरत्या टेबलावरून ओला खडीचुरा सोडला की दगड वाहून जात आणि हिरे चरबीला चिकटून राहत. आपल्या बोटांचे तेल तेच करते. आणि हिऱ्याची चमक मागच्या पैलूंवरून परतून येत असल्यामुळे वरून कितीही पुसले तरी उपयोग होत नाही; ब्रश मागच्या बाजूने फिरला पाहिजे. धुऊन झाल्यावर दागिना कानाशी धरून हलकेच हलवून पाहावा. बारीक खुळखुळ ऐकू आली तर खडा सैल आहे, आणि तो दागिना सोनाराकडे जाईपर्यंत घालू नये. कधी कधी तो खडा मळानेच धरून ठेवलेला असतो, आणि धुतल्यावर दोष उघडा पडतो.

चांदीचे प्रकरण सोन्याहून वेगळे आहे, आणि इथे साबण कमी पडतो हे आधीच कबूल करायला हवे. पैंजण साबणाने धुतले तर स्वच्छ होतात, पण काळेच राहतात. कारण तो काळेपणा मळाचा नाही. हवेतल्या गंधकाच्या वायूंशी चांदीचा संयोग होऊन तिच्या पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. अंडे, कांदा, लोकर, रबर या सगळ्यांत गंधक असते. वज्रेश्वरीच्या गंधकयुक्त कुंडांत चांदीची अंगठी घालून उतरणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. अंगठी किंवा पैंजण काळे पडले की ‘अंगात उष्णता आहे’ असे निदान करायची आपल्याकडे पद्धत आहे. घामातल्या द्रव्यांनी काळेपणा लवकर येतो एवढे खरे, पण त्यावरून प्रकृतीचे भविष्य वर्तवू नये. चांदी शुद्ध किती यावरही बरेच असते. मिश्रणातले तांबे जितके अधिक तितकी ती लवकर मळते, आणि हलक्या चांदीचे पैंजण सारखे काळे पडतात ते यामुळेच.

या थराला घासून काढले तर त्यातली चांदीही जाते, हे वर आलेच. पण तो थर मोडून गंधक तेवढे सोडवता येते आणि चांदी दागिन्यावरच ठेवता येते. लागणारे सामान पोळ्या गुंडाळायची ॲल्युमिनियम फॉइल आणि खाण्याचा सोडा. खोलगट काचेच्या भांड्यात फॉइल चकचकीत किंवा मंद कुठल्याही बाजूने अंथरावी, त्यावर दागिने असे ठेवावेत की प्रत्येकाचा फॉइलला स्पर्श होईल, लिटरभर पाण्याला दोन मोठे चमचे सोडा टाकावा आणि वरून कढत पाणी ओतावे. चिमूटभर मीठ टाकले तर काम लवकर होते. ॲल्युमिनियम इलेक्ट्रॉन देते, ते चांदीला मिळतात आणि गंधक सुटून पाण्यात येते. सोड्याचे काम ॲल्युमिनियमवरचा पातळ ऑक्साइड काढण्याचे आणि पाण्यातून वीज वाहू देण्याचे. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर घाबरू नये, तो सुटलेल्या गंधकाच्या वायूचा असतो, खिडकी उघडी ठेवली म्हणजे झाले. दोन ते पाच मिनिटांत काळेपणा जातो, फॉइल डागाळते. फार काळा दागिना असेल तर नवी फॉइल घेऊन पुन्हा करावे. तेच पाणी तासभर ठेवून उपयोग नसतो. नंतर भरपूर पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडे करून मऊ फडक्याने हलके पुसावे. परत मिळालेली चांदी जरा पांढुरकी, मंद दिसते, त्या शेवटच्या पुसण्याने ती झळकते.

या उपायावर जाणकारांचा एक आक्षेप असतो आणि तो बरोबर आहे. ही क्रिया काळे ते सगळे पांढरे करते. कुठला काळेपणा नकोसा आणि कुठला मुद्दाम ठेवलेला हे तिला कळत नाही. ऑक्सिडाइज्ड चांदीचे झुमके, जुन्या वाकी आणि कमरपट्टे यांच्या खोलगट नक्षीत असलेली काळी छाया हीच त्यांची शोभा असते. ती गेली की नक्षी सपाट दिसते आणि वस्तू नव्या बाजारू मालासारखी. म्हणून असे दागिने फॉइलमध्ये घालू नयेत. त्यांचे उंच भाग तेवढे कोरड्या मऊ कापडाने पुसावेत. मोती, पोवळे, चिकटवलेले खडे, मीना, आतून भरलेल्या पोकळ वस्तू यांनाही हा कढत सोडा वर्ज्य. म्हणजे उरते काय? साधे पैंजण, जोडवी, साखळ्या, करदोटे, बाळाचे वाळे-बिंदल्या. पण घरातली बहुतेक चांदी हीच असते. सोड्याची पेस्ट करून चोळणे हा त्यातल्या त्यात सौम्य प्रकार, तरी चोळणेच. पाण्यात विरघळून जे काम होते त्यासाठी कोरडे घासायचे कारण नाही. आणि मिठाच्या पाण्यात चांदी रात्रभर ठेवू नये, तसेच कपड्यांच्या ब्लीचजवळ कुठलाही दागिना नेऊ नये. क्लोरीनने चांदीवर नवे डाग पडतात आणि कमी कॅरटचे सोने सांध्यांशी ठिसूळ होऊन तडकू शकते. पोहायला जाताना अंगठी काढून ठेवण्याचे कारणही हेच.

मोत्यांच्या बाबतीत लेख एका वाक्यात संपवता आला असता: जवळजवळ काहीही करू नका. पण नथ, कुड्या, चिंचपेटी, तन्मणी यांच्यावर मराठी घरांचा जीव असतो, म्हणून कारण सांगायला हवे. मोत्याचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे जातीने तो खडूचा आणि शिंपल्याचा सगोत्र. लिंबू, व्हिनेगर, चिंच, सगळी आम्ले त्याला खातात. क्लिओपात्राने मोती व्हिनेगरमध्ये विरघळवून पिऊन दाखवला अशी कथा रोमन लेखक प्लिनीने नोंदवून ठेवली आहे. सबंध मोती इतक्या झटपट विरघळतो का यावर वाद घालता येईल, पण त्याची झळाळी जायला एवढे सारे लागतही नाही. कल्चर मोत्यावरचा तेजस्वी थर कधी कधी अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असतो. घामसुद्धा आम्लधर्मी, म्हणून मोत्याचा दागिना उतरवल्याबरोबर मऊ ओलसर फडक्याने पुसणे हीच त्याची खरी साफसफाई. अगदीच मळला तर पाण्यात सौम्य शाम्पूचा एक थेंब, त्यात बुडवून पिळलेले फडके, एकेक मोती, आणि मग साध्या ओल्या फडक्याने पुन्हा. बुडवायचे नाही, कारण भोकात पाणी राहते, दोरा सैल पडतो आणि आतून कुजतो. नथ तारेत गुंफलेली असली तरी तिचे खडे मागून बंद कोंदणात बसवलेले असू शकतात, तेव्हा तीही पुसायचीच. पोवळे मोत्याच्याच जातीचे, फिरोजा सच्छिद्र, त्यांनाही हेच पथ्य. पाचूच्या बारीक भेगा बहुधा तेल भरून झाकलेल्या असतात. गरम पाण्याने आणि साबणात भिजवल्याने ते तेल निघते आणि कालपर्यंत न दिसलेल्या रेषा दिसू लागतात. कुंदनात खड्यामागे चकाकता वर्ख असतो, पाणी आत शिरले की वर्ख काळवंडतो आणि तो काढून साफ करायचा घरगुती मार्ग नाही.

मुलाम्याच्या आणि बेंटेक्सच्या दागिन्यांबद्दल फार लिहायला नको. घालून झाल्यावर कोरडे पुसावे, अत्तर-स्प्रेपासून दूर ठेवावे. मुलामा गेला की तो घरी परत येत नाही.

शेवटचा आक्षेप असा, की एवढे पथ्यपाणी करण्यापेक्षा सोनाराकडून पॉलिश करून घेतलेले काय वाईट? सोनार तर तेजाबही वापरतो. वापरतो, कारण त्याला धातू ओळखता येते, खडे काढून ठेवता येतात आणि किती सेकंदांत बाहेर काढायचे हे त्याच्या हाताला माहीत असते. खोल ओरखडे, चेमटलेली वाटी, सैल काटे, पांढऱ्या सोन्यावरचा उतरलेला ऱ्होडियमचा थर, तुटत आलेला दोरा, ही कामे त्याची किंवा पटवेकऱ्याची, आणि ती घरी करू नयेत. मात्र मळ धुवायला पॉलिश करून घेणे म्हणजे केस धुवायला न्हाव्याकडे जाऊन दर वेळी बोटभर कापून घेणे. पॉलिशला देताना दागिना समोर तोलून घ्यावा, वजन पावतीवर लिहून घ्यावे आणि परत घेताना पुन्हा तोलावा. चांगल्या सराफाला यात अपमान वाटत नाही. आणि दारावर येऊन ‘पावडरने दागिने चकाचक करून देतो’ म्हणणाऱ्याला उंबऱ्याबाहेरूनच निरोप द्यावा. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या मिश्रणात सोने खरोखर विरघळते. बांगडी चकचकीत होऊन परत मिळते आणि तिचे ग्रॅम-दोन ग्रॅम त्याच्या भांड्यातल्या द्रावणात राहतात. पुढे ते वेगळे काढणे त्याला अवघड नसते. काहींना तेवढेही कष्ट नको असतात, ते डबा हळदीच्या पाण्यात ठेवायला सांगतात आणि तो उघडेपर्यंत पसार होतात. अशा बातम्या वर्तमानपत्रात नित्य येत असतात आणि तरी फसणारे फसतात, याचे एक कारण दागिना उजळणे म्हणजे काय हेच आपण कधी विचारलेले नसते.

किती दिवसांनी धुवावे याला पंचांग नाही. रोजची अंगठी, बांगड्या, मंगळसूत्र महिन्यातून एकदा, कणकेत हात घालणाऱ्याने पंधरवड्याने. सणासुदीचे दागिने मात्र सणाआधी नव्हे, सणानंतर साफ करून ठेवावेत, कारण घाम-अत्तर-हळद अंगावर घेऊन ते लॉकरमध्ये वर्षभर पडून राहतात आणि सारा बिघाड त्या वर्षभरात होतो. ठेवताना प्रत्येक दागिना वेगळा, नाहीतर हिऱ्याची कुडी शेजारच्या सोन्यावर रेघा ओढते. चांदी पूर्ण कोरडी करून हवाबंद पिशवीत, सोबत खडूचा तुकडा किंवा औषधाच्या बाटलीतली सिलिका जेलची पुडी, म्हणजे दमट हवेतला ओलावा तिकडे जातो. मोत्यांना मात्र हवाबंद प्लॅस्टिक नको, मलमलीत गुंडाळून ठेवावेत आणि अधूनमधून घालावेत. लोकरीच्या कापडात चांदी बांधू नये. आणि डबी उघडू नये म्हणून तिच्यावर रबरबँड चढवायची सवय असेल तर तीही सोडावी. रबरातल्या गंधकाने आतली चांदी काळी पडते आणि कुठून पडली ते कोणाच्या लक्षात येत नाही.